लॅब नाही, नादकाटा एकच, लेकरं ४५: ध्वनीचा धडा कसा घ्यायचा

मॅडम, तुम्ही विचारलंय ते असं, की परभणी जिल्ह्यातल्या एका झेडपी प्रशालेत तुम्ही नव्यानं रुजू झालात, नववीला ध्वनीचा धडा घ्यायचाय, वर्गात ४५ लेकरं, तास ३५ मिनिटांचा, लॅब म्हणजे एक कपाट आणि त्यात एकच नादकाटा (ठोकला की एकच ठरलेला सूर देणारा धातूचा दुबेळका), तर स्वस्तातले दहा-पंधरा प्रयोग सुचवा. आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय की मागच्या धड्याला प्रयोग केले तेव्हा पोरांनी लई मजा केली पण चाचणीत कुणालाच काही लिहिता आलं नाही.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. प्रयोगांची यादी काय, अरविंद गुप्तांचे टाकाऊतून खेळणीवाले व्हिडिओ बघितले तरी वर्षभर पुरतील एवढे प्रयोग मिळतात, मराठीतपण. अडचण ही आहे की पंधरा प्रयोग एकामागोमाग दाखवले की पोरांना ती जादूगाराची फेरी वाटते, टाळ्या वाजतात, आणि फळा पुसला की सगळं पुसलं. म्हणून मी पंधरा सांगत नाही, पाच तासांत बसतील तेवढेच सांगतो, पण ते कसे घ्यायचे ते सविस्तर सांगतो. मी बीड-अंबाजोगाई भागातल्या शाळांवर बरीच वर्षं विज्ञान शिकवलंय, त्यामुळं हे त्या अंगानंच वाचा.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते बोलू. वर्ग पत्र्याचा असंल तर पावसाळ्यात हा धडा घेऊच नका, सर पडली की तुमचाच आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही, तिथं नादकाटा काय ऐकू येणार. शाळा हायवेला लागून असंल तर बारीक आवाजाचे प्रयोग सकाळी परिपाठ झाल्या झाल्या. आमच्या भागात दिवाळीनंतर बरीच लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात, तुमच्याकडंही असंल तर चार दिवस चालणारा प्रयोग करू नका, एका तासात सुरू होऊन त्याच तासात संपणारा करा. मोबाईलचं हेडसरांना आधी विचारून ठेवा, एक तुमचा स्वतःचा मोबाईल असला तरी भागतं.

आता पद्धत. माझ्याकडं एकच नियम होता, कुठलाही आवाज निघाला की पहिला प्रश्न ‘काय थरथरतंय?’ आणि प्रयोग करायच्या आधी प्रत्येकानं वहीत अंदाज लिहायचा, पेननं लिहायचा, नंतर खोडायचा नाही. तोंडी विचारलं तर पहिल्या बाकावरचे दोघं उत्तर देतात आणि बाकीचे ‘हो सर’ म्हणतात. लिहून घेतलं की मागच्या बाकावरचं पोरगंही अडकतं, कारण त्याला आता बघायचं असतंय आपलं खरं झालं का नाही.

सुरुवात गळ्यापासून करा. बोटं गळ्यावर ठेवून ‘आ’ म्हणायला लावा, मग कुजबुजायला लावा आणि फरक विचारा. मग हलगी. गावात हलगी वाजवणारे काका असतीलच, त्यांना मानानं बोलवा, अर्धा तास द्या. कातड्यावर चिमूटभर रवा टाकून हलकं वाजवलं की रवा उड्या मारतो, हे सगळीकडं दाखवतात, पण त्याहून भारी गोष्ट म्हणजे काका वाजवायच्या आधी हलगी शेकून घेतात. का शेकता म्हणून पोरांनाच विचारू द्या. काका सांगतील की गारठ्यात कातडं सैल पडतं, आवाज बसतो, शेकलं की ताणलं जातं आणि आवाज कडक येतो. ताण वाढला की वारंवारता (सेकंदाला किती वेळा थरथरतं ते) वाढते हे वाक्य फळ्यावर लिहायच्या आधी पोरांनी ते कानानं ऐकलेलं असतंय. संबळ मिळाला तर त्याच्या दोन भांड्यांचा आवाज वेगवेगळा का, हाही प्रश्न टाका. तुळजापूरला जाऊन आलेलं एखादं तरी लेकरू वर्गात असतंयच आणि त्याला संबळ माहीत असतो.

इथं एक सावधगिरी. ताण आणि वारंवारतेसाठी बरेच जण डब्याला रबर लावून ते ताणून वाजवायला सांगतात. हा प्रयोग मला पटत नाही. रबर ताणलं की ताण वाढतो हे खरं, पण त्याच वेळी लांबीही वाढते, आणि लांबी वाढली की वारंवारता कमी होते, दोन्ही एकमेकाला जवळजवळ खाऊन टाकतात. पोरगं प्रामाणिकपणे सांगतं की सर आवाज तर तेवढाच येतोय, आणि आपण त्याला म्हणतो नीट ऐक. त्यापेक्षा तुणतुणं आणा. तिथं तारेची लांबी तीच राहते, खुंटी पिळली की फक्त ताण बदलतो. आणि तार मधोमध बोटानं दाबून अर्धीच वाजवली की वारंवारता दुप्पट होते, मोबाईलवर ट्यूनर ॲप लावलं तर आकडाच दिसतो. दाबताना तार थोडी ताणली जाते म्हणून बरोब्बर दुप्पट येत नाही, जरा जास्त येते, ते सांगून टाका.

आता तो प्रयोग, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि ज्यावर अख्खा तास घालवला तरी चालंल. काचेच्या एकसारख्या चार बाटल्या घ्या, सरबताच्या, सॉसच्या, कसल्याही, आणि त्यात कमी-जास्त पाणी भरा. पहिल्यांदा चमच्यानं हलकं वाजवा. अंदाज लिहून घ्या: सगळ्यात जास्त पाणी असलेल्या बाटलीचा आवाज जाड येईल का बारीक? वाजवल्यावर जास्त पाण्याची बाटली जाड आवाज देते. ठीक, पोरं म्हणतात जास्त पाणी म्हणजे जाड आवाज, जलतरंग असाच असतो, संपला विषय. मग त्याच बाटल्यांच्या तोंडावर आडवी फुंकर मारायला लावा, पण आधी परत अंदाज लिहायचा. जवळजवळ सगळा वर्ग लिहितो, तोच क्रम येणार. आणि येतो बरोब्बर उलटा, जास्त पाण्याची बाटली सगळ्यात बारीक शिट्टी मारते.

या जागी तुम्ही अजिबात बोलू नका. वर्गात गलका होतो, होऊ द्या. कुणीतरी म्हणतं फुंकर जोरात मारली म्हणून, त्याला हळू मारून बघू द्या, मोठा-लहान आवाज बदलतो पण जाड-बारीक तसंच राहतंय. कुणी म्हणतं बाटली वेगळी आहे, बाटल्या अदलाबदल करू द्या. शेवटी पहिला प्रश्न परत टाका, काय थरथरतंय? चमच्यानं मारल्यावर काच आणि तिला चिकटलेलं पाणी थरथरतं, पाणी जास्त तर वजन जास्त, म्हणून कंपन संथ. फुंकल्यावर पाणी नाही थरथरत, वरची हवा थरथरते, आणि पाणी जास्त म्हणजे हवा कमी, म्हणून कंपन वेगात. पाणी तेच, बाटली तीच, थरथरणारी वस्तू वेगळी. हे एकदा पोराच्या डोक्यात बसलं की पुढं बासरी, शंख, एसटीचा हॉर्न, काहीही द्या, ते आधी थरथरणारी वस्तू शोधतं.

बारीक टीप, फक्त तुमच्यासाठी. मानेच्या बाटलीला हवेच्या स्तंभाचं ‘पाव तरंगलांबी’वालं सूत्र लावायला जाऊ नका, आकडा जुळत नाही. बाटलीत मानेतली हवा आतल्या हवेच्या स्प्रिंगवर खालीवर होते, तो हिशोब निराळा आहे. सूत्र लावायचंच असंल तर सरळ नळी घ्या, टेस्ट ट्यूब चालते. १५ सेंटिमीटर खोल टेस्ट ट्यूब फुंकली की ५८० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ५८० कंपनं) आसपास सूर येतो, ट्यूनर ॲपवर ताडून बघा. पपईच्या पानाच्या पोकळ देठाची पिपाणी पोरं गावात करतातच, तिचं टोक कापत कापत जा, नळी आखूड होत जाते तसा आवाज चढत जातो. पूर्वी हे प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर करायचे, त्या आता बंद झाल्या, आणि खरं तर पपई जास्त जोरात वाजते.

तुमच्या पोरांनी पेपरात ‘आवाज हवेतून वाहत येतो’ असं लिहिलं असणार, माझेही लिहायचे. वाऱ्यासारखी हवा तोंडातून निघते आणि कानात शिरते असं त्यांच्या डोक्यात असतंय. हे बोलून जात नाही. दहा पोरं एका रांगेत उभी करा, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर, डोळे मिटलेले, शेवटच्यानं हलका धक्का द्यायचा. धक्का पहिल्यापर्यंत पोचतो आणि कुणीही आपली जागा सोडलेली नसते. मग पंखे बंद करून वर्गाच्या एका टोकाला उदबत्ती लावा, दुसऱ्या टोकाला हलगी वाजवा. आवाज सगळ्यांच्या कानात, धूर मात्र जसा सरळ वर जात होता तसाच जातोय. आता संपीडन-विरलन (हवा दाटते, मग विरळ होते) सांगा. स्लिंकी (लांब सैल स्प्रिंगचं खेळणं) असंल तर उत्तम, जत्रेत खेळण्याच्या दुकानात प्लॅस्टिकची मिळते, ती जमिनीवर ठेवून ढकला, हवेत लोंबकळत धरली तर पोरांना अनुतरंगाऐवजी (पुढंमागं ढकलत जाणारा) अवतरंगच (आडवा हेलकावणारा) दिसतो.

काड्यापेटीचा फोन आणि दोऱ्याला बांधलेला झारा कानात बोटं घालून ऐकणं, हे दोन्ही पाच मिनिटांचे आहेत, करून घ्या. झाऱ्याचा आवाज देवळातल्या घंटेसारखा येतो, पोरं चाट पडतात. फक्त स्थायूत आवाज वेगानं का जातो याचं उत्तर ‘घनता जास्त म्हणून’ असं कुणी लिहिलं तर तिथंच थांबवा. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा कितीतरी हलकं, तरी त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ६४२० मीटर धरतात आणि लोखंडात ५९५०. वेग ठरतो तो पदार्थ किती ताठ आहे आणि किती जड आहे या दोन्हीवर, नुसत्या घनतेवर नाही.

वेग मोजणं. पुस्तकातला आकडा पाठ करण्यापेक्षा पोरांनी स्वतः मोजलेला आकडा, मग तो थोडा चुकलेला का असेना, त्यांना जास्त लक्षात राहतो. माझा आवडता मार्ग बादली आणि पाईपचा. एक इंची पीव्हीसी पाईपचा ४० सेंटिमीटरचा तुकडा, बादलीभर पाणी (प्रयोगानंतर ते झाडांना घालायचं, टँकरच्या दिवसांत हे सांगावं लागतंय), आणि मोबाईलवर सूर काढणारं कुठलंही फुकट ॲप. ॲपमध्ये १००० हर्ट्झ लावा. पाईप पाण्यात उभा बुडवा, वरच्या तोंडाजवळ मोबाईलचा स्पीकर धरा, तोंड झाकू नका, आणि पाईप हळूहळू वर उचला. एका जागी आवाज एकदम फुगतो, तिथं पाण्याच्या रेषेवर स्केचपेननं खूण करा. अजून उचला, परत एकदा फुगतो, दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी (हवेच्या एका दाटीपासून पुढच्या दाटीपर्यंतच्या अंतराच्या निम्मं). १००० हर्ट्झ घेतल्याचा फायदा असा की ते अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं आणि २० नं गुणायचं, वेग थेट मीटर प्रति सेकंदात येतो. १७.४ आलं तर ३४८.

दोन खुणा का, एकच का नको, हे हुशार पोरगं विचारतंच. पहिली खूण ८.७ वर यायला पाहिजे पण ती ८ च्या आसपास येते, आणि तेवढ्यावरून वेग काढला तर ३२० निघतो. कारण हवेचा कंप पाईपच्या तोंडाशी थांबत नाही, थोडा बाहेर डोकावतो, साधारण पाईपच्या व्यासाच्या ०.३ पट. दोन खुणांची वजाबाकी केली की हा जास्तीचा भाग आपोआप निघून जातो. नादकाटा ५१२ चा असंल तर तोही चालतो, पण मग खुणांमधलं अंतर ३४ सेंटिमीटरच्या घरात जातं आणि बादली अपुरी पडते, पाण्याचा ड्रम लागतो. नादकाटा बाकावर आपटू नका, चपलेच्या टाचेवर मारा, बाकावर आपटून त्याचा सूर बिघडतो.

आणि जमलं तर हाच प्रयोग जानेवारीत सकाळी एकदा आणि एप्रिलमध्ये दुपारी एकदा करा. शून्य डिग्रीला वेग ३३१ आणि दर डिग्रीला साधारण ०.६ नं वाढतो. १५ डिग्रीच्या सकाळी ३४० आणि आपल्याकडच्या ४० डिग्रीच्या दुपारी ३५५, म्हणजे खुणांमधलं अंतर १७ वरून पावणेअठरावर जातं, पट्टीवर दिसण्याइतका फरक आहे. फक्त दुपारी माठातलं गार पाणी घेऊ नका, पाईपमधली हवा थंड पडते आणि फरक दिसत नाही, बादली तासभर बाहेर राहू द्या.

मैदान आणि समोर मोठी सपाट भिंत असंल, शाळेची दुमजली इमारत, जिनिंगचं गोदाम, काहीही, तर टाळ्यांचा प्रयोगही करा. भिंतीपासून मोजून ५० मीटरवर उभं राहायचं, दोन फळकुटं एकमेकांवर आपटायची, आणि ठेका असा धरायचा की प्रतिध्वनी दोन ठोक्यांच्या बरोब्बर मधे पडेल. २० ठेक्यांना किती सेकंद लागले ते मोजा आणि ४००० ला त्या सेकंदांनी भागा. साडेअकरा सेकंद आले तर ३४८. पहिल्या ठोक्याला ‘शून्य’ म्हणायला शिकवा, नाहीतर पोरं २० ठोके मोजतात आणि मधले गाळे १९ च असतात, मग उत्तर ३६६ येतं आणि सगळे वाऱ्याला दोष देतात. दोन मोबाईल असतील तर फिफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं केलेलं, त्यात आवाजावर चालू-बंद होणारं स्टॉपवॉच असतंय. मोबाईल ५ मीटरवर ठेवायचे, एकानं आपल्या मोबाईलपाशी टाळी वाजवायची, मग दुसऱ्यानं त्याच्यापाशी, दोन्ही वेळांतला फरक ०.०२९ सेकंदांच्या आसपास येतो. १० मीटरला त्यानं भागलं की झालं. चालतं छान, पण मला टाळ्यांचाच जास्त आवडतो, त्यात पोरं घामाघूम होतात.

सहल वेरूळला जात असंल तर १० नंबरचं लेणं, सुतार लेणं म्हणतात ते, तिथं वर्गाला एक मिनिट गप्प बसवून एकाला ‘ओ’ म्हणायला लावा. आवाज लांबत राहतो, पण मैदानावरच्यासारखा सुटा प्रतिध्वनी येत नाही. निनाद आणि प्रतिध्वनीतला फरक परत सांगावा लागत नाही.

काय करू नका तेही सांगतो. निर्वात हंडीतल्या घंटीचा प्रयोग, बॉइलनं १६६० मध्ये केलेला, पुस्तकात असला तरी गळका पंप घेऊन झटत बसू नका, व्हिडिओ दाखवा. आणि हेही लक्षात असू द्या की साध्या पंपानं आवाज कमी होतो तो पूर्ण पोकळी झाली म्हणून नाही, विरळ हवेतून काचेला धक्का नीट पोचत नाही म्हणून. फुग्यावर आरसा लावून लेझरची नक्षी दाखवतात, लेझर ४५ लेकरांत नको, तेच काम उन्हाच्या कवडशानं होतं, आणि ऊन आपल्याकडं कमी नाही. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यातलं अंतर मोजायला शिकवा, ३ सेकंदाला १ किलोमीटर, पण वर्गात बसून. आपल्या भागात वीज पडून माणसं-जनावरं दगावतात, मोजायच्या नादात कुणी शेतात उभं राहायला नको, आणि गडगडाट ऐकू आला म्हणजे पक्क्या घरात जायचं हे त्याच तासात सांगा.

एक प्रश्न येणार, त्याची तयारी ठेवा. लातूर-धाराशिवकडचं कुणाचं पाहुणं असंल तर लेकरू विचारतं, सर जमिनीतून आवाज कशाचा येतो? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाच्या गोष्टी त्यांनी घरी ऐकलेल्या असतात. हे टाळू नका, धड्याशी याचा थेट संबंध आहे. भूकंपाच्या पहिल्या लाटा ध्वनीसारख्याच अनुतरंग असतात, खडकातून सेकंदाला ५-६ किलोमीटर वेगानं येतात, आणि जमिनीचा पृष्ठभाग थरथरला की तो हवेला ढकलतो. त्या थरथरण्याची वारंवारता २० हर्ट्झच्या वर असंल तर आपल्याला गुरगुर ऐकू येते, खाली असंल तर तो अवश्राव्य, पायाला कळेल पण कानाला नाही. भीती घालायची नाही, पण उडवूनही लावायचं नाही.

आता तुमची ती चाचणी. प्रयोग घेतले आणि पेपरात मात्र ‘ध्वनी म्हणजे काय?’ विचारलं, तर पोरगं पाठांतराकडंच पळणार, त्यात त्याची चूक नाही. वर्गात जे केलं नाही पण त्याच विचारानं सुटतं असं काहीतरी विचारा. कळशी नळाखाली भरत आली की आवाज बारीक का होत जातो? हलगी पावसात भिजली तर आवाजाचं काय होईल? एका गटाला टाळ्यांच्या प्रयोगात वेग ३६६ आला, त्यांचं काय चुकलं असंल? उत्तरात थरथरणारी वस्तू बरोबर ओळखली की अर्धे मार्क तिथंच द्या, भाषा कशीही असली तरी. सुरुवातीला पोरं कुरकुरतात की हे पुस्तकात नाही.

३५ मिनिटांचं गणित असं बसतं: गळा आणि हलगी एक तास, बाटल्या एक तास, रांग-उदबत्ती-स्लिंकी एक, बादली एक, मैदान एक. ४५ लेकरांचे ९ गट, बाटल्या घरून आणायला सांगितल्या की होतात, पाईपचे तुकडे हार्डवेअरवाला एका लांब पाईपमधून कापून देतो. हे सगळं शाळा अनुदानात सहज बसतं, फक्त पाईपचं पक्कं बिल घ्या, नाहीतर ऑडिटला ‘विज्ञानाला पीव्हीसी पाईप कशाला’ म्हणून तुमच्याकडूनच वसुली काढतील.